खाडीकाठची पक्षिफेरी कशी न्यावी

जंगलातली पक्षिफेरी सूर्योदयाला सुरू केली की निम्मे काम झाले. खाडीवर हा हिशेब चालत नाही. तिथे पक्ष्यांचे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. पंधरा माणसे सकाळी साडेसहाला काठावर नेली आणि त्या वेळी सुकती (पूर्ण ओहोटी) असली, तर समोर फक्त चिखल दिसतो. पक्षी दीड-दोन किलोमीटर आत, पाण्याच्या कडेला ठिपक्यांएवढे. नवखी माणसे अशा फेरीनंतर सहसा परत येत नाहीत. म्हणून फेरीची तारीख आधी भरती बघून ठरवायची, मग रविवार बघायचा. इथे ठाणे खाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे. ऐरोली, नेरूळ, भांडुप आणि शिवडी या तिच्या काठच्या जागा. कोकणातल्या इतर खाड्यांनाही यातले बरेच लागू पडते.

तिथीवरून भरती

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ. चतुर्थीला तीन. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हिशेब तोच. एका भरतीपासून पुढची भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, आणि मधोमध सुकती. हा आडाखा तासभर इकडेतिकडे होऊ शकतो. त्याने आठवडा निवडावा, पण लोकांना कळवायची वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरूनच काढावी. तक्त्यातली मुंबईची वेळ अपोलो बंदराची असते. खाडीत जसजसे आत जाल तशी भरती उशिरा पोचते, म्हणून दोन-तीन पाहणीफेऱ्यांत आपल्या जागेचा फरक मिनिटांत लिहून ठेवा.

आता पक्षी काय करतात ते बघू. सुकतीला चिखल लांबवर उघडा पडतो आणि पक्षी त्यावर विखुरतात. पाणी चढू लागले की ते पाण्याच्या पुढे पुढे सरकत काठाकडे येतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-अडीच तास चिखलाण बघायला सर्वांत चांगले. चिखल बुडाला की हेच थवे उठतात आणि काठालगतच्या उथळ पाणथळींवर विसाव्याला उतरतात. नेरूळ-सीवूड्‌सकडच्या तळ्यांवर भरतीच्या वेळी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांची गर्दी होते ती यामुळे. पाणी उतरू लागले की काठाजवळचा चिखल आधी उघडतो, त्यामुळे ओहोटीचा पहिला दीड-दोन तासही पक्षी जवळ असतात.

यावरून सकाळच्या फेरीसाठी सर्वांत सोयीच्या तिथी द्वादशी आणि त्रयोदशी. भरती नऊ-पावणेदहाला असते. सातला चिखलाणीवर उभे राहायचे, सव्वाआठला तिथून निघून साडेआठ-पावणेनऊला तळ्यावर पोचायचे. एकाच फेरीत चरणारे पक्षीही दिसतात आणि विसावलेलेही. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारच्या सुमारास असते. त्या दिवशी सातऐवजी साडेआठला सुरुवात करा. चतुर्थी-पंचमीची सकाळ टाळावी, कारण सुकती नऊ-दहाला येते. त्याच दिवशी संध्याकाळची फेरी मात्र उत्तम होते: भरती तीन-चारला, पाचनंतर काठचा चिखल उघडू लागतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी फारसे चढत नाही. चिखल पुरता बुडत नाही, मग पक्षी तळ्यावर यायचे कारणच उरत नाही. त्या दिवसांत तळ्याची फेरी जाहीर करू नका.

ऊन पाठीशी हवे

ही गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. शिवडी आणि भांडुप खाडीच्या पश्चिम काठावर आहेत. तिथून खाडीकडे बघताना तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळी ऊन थेट दुर्बिणीत. पक्ष्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात, पायांचा आणि चोचीचा रंग कळत नाही, आणि चिखलपक्षी ओळखायचे तर तेच दोन रंग लागतात. ऐरोली, वाशी, नेरूळ पूर्व काठावर. तिथे सकाळी ऊन पाठीशी येते. म्हणून सकाळची फेरी नवी मुंबईच्या बाजूला आणि दुपारनंतरची मुंबईच्या बाजूला.

दहानंतर चिखलावरची हवा तापून थरथरू लागते. स्पॉटिंग स्कोपमध्ये, म्हणजे तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीत, ६० पट मोठे केलेले चित्र उकळत्या पाण्यासारखे हलते. अशा वेळी २० ते २५ पटींवर यावे, चित्र लहान पण स्थिर दिसते. तरीही जमत नसेल तर लांबचे पक्षी सोडून द्या आणि जवळचे दाखवा.

हंगाम, परवानगी, माणसांची संख्या

स्थलांतरित चिखलपक्षी सप्टेंबर ते एप्रिल. रोहित साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो आणि त्या आठवड्यात नवी माणसे मोठ्या उत्साहाने नाव नोंदवतात. त्यांना आधीच सांगा की गुलाबी थवे या वेळी असतील किंवा नसतील, स्टिंट, चिखल्या, शेकाटे असे चिखलपक्षी मात्र भरपूर असतील. हे न सांगता पोस्टरवर रोहिताचे चित्र टाकले, तर सगळी फेरी 'फ्लेमिंगो कुठे आहेत?' या एका प्रश्नात संपते.

ठाणे खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. अभयारण्याच्या हद्दीतली फेरी वन विभागाच्या ऐरोली केंद्राशी बोलूनच ठरवावी. भांडुप उदंचन केंद्राचा (पंपिंग स्टेशनचा) परिसर महापालिकेचा, काही पाणथळी संस्थांच्या आवाराला लागून. फाटकावर पोचल्यावर परवानगीची चौकशी सुरू झाली की भरतीची वेळ हातची जाते. लेखी परवानगीची छापील प्रत जवळ ठेवा. ड्रोन आणायचा नाही, हे नावनोंदणीच्या निरोपातच लिहा.

एका वाटाड्यामागे बारा माणसे, फार तर पंधरा. वीस झाली तर दुसरा जाणकार शेवटी चालायला हवा. पुढे एक आणि मागे एक, मध्ये सगळे. अंतर दीड ते दोन किलोमीटर, वेळ अडीच तास. यापेक्षा जास्त चालवले तर माणसे बघत नाहीत, नुसती चालतात.

फेरीच्या एक-दोन दिवस आधी त्याच भरतीच्या टप्प्यावर जागा पाहून या. आठवड्यापूर्वीची पाहणी उपयोगाची नाही, कारण तेव्हा भरतीची वेळ वेगळी होती. उभे राहायच्या तीन-चार जागा ठरवा, शौचालय कुठे आहे ते पक्के करा (खाडीकाठी बहुतेक ठिकाणी नसते, म्हणून जमायची जागा शौचालय असलेलीच निवडा) आणि रुग्णवाहिका कुठपर्यंत येऊ शकते तेही बघून ठेवा.

सोबत काय

प्रत्येकाजवळ लिटरभर पाणी, टोपी, बंद बूट, मळकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. तिवरांजवळ डास फार, त्यामुळे डासांचे मलम घरूनच लावून यायला सांगा. वाटाड्याकडे प्रथमोपचार पेटी, ओआरएसची चार-पाच पाकिटे आणि दोन-तीन जादा दुर्बिणी. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) उत्तम. १०×ची हातात हलते, नवख्याला तिच्यात पक्षी सापडत नाही.

पहिली दहा मिनिटे दुर्बीण लावून देण्यात घालवा. ही दहा मिनिटे वाचवली तर पुढचे दोन तास अर्ध्या लोकांना काही दिसत नाही, आणि ते भिडेपोटी 'दिसलं' म्हणतात. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून एकच गोल दिसेल असे करा. मग उजवा डोळा मिटून, लांबच्या एखाद्या पाटीवर मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा. आता डावा डोळा मिटून उजव्या भिंगाजवळचे कडे फिरवा, मधले चाक न हलवता. कडे एकदा बसले की नंतर फक्त मधले चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबायचे, नसेल तर बाहेर काढायचे. पक्षी शोधताना आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर रोखायची आणि नजर न हलवता दुर्बीण वर आणायची. दुर्बिणीतून खाडीभर शोधत बसू नये.

स्कोपमागे बारा माणसांची रांग म्हणजे प्रत्येकी वीस सेकंद धरले तरी चार मिनिटे. म्हणून स्कोपमध्ये झोपलेला किंवा एकाच जागी चरणारा पक्षीच धरा. पळणारा चिखल्या धरला तर तिसऱ्या माणसापर्यंत तो चौकटीबाहेर. ट्रायपॉड सर्वांत बुटक्या माणसाच्या उंचीला लावा. उंच माणूस वाकू शकतो, लहान मूल टाचा उंचावून स्कोप धरते आणि सगळे हलवते.

दाखवायची रीत

'तिकडे बघा, तो बघा' याने कुणालाही काही सापडत नाही. थांबल्या जागी आधी दोन-तीन खुणा सर्वांना पाठ करून द्या: विजेचा मनोरा, लाल बोया, तिवराचे एकटे झाड. मग 'मनोऱ्याच्या डाव्या पायाखाली, पाण्याच्या कडेवर, शेकाट्याच्या उजवीकडे' असे सांगा.

पहिल्या अर्ध्या तासात चारच पक्षी. शेकाट्या हा मापाचा पक्षी म्हणून आधी दाखवा: लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख, कुणीही ओळखतो. मग त्याच्या तुलनेत बाकीचे लहान की मोठे, आणि चोच डोक्याच्या लांबीच्या किती पट, एवढे दोनच प्रश्न विचारायला शिकवा. पिसांच्या रंगावर जाऊ नका. हिवाळ्यात बहुतेक चिखलपक्षी करड्या-तपकिरीच असतात. त्यापेक्षा चरण्याची तऱ्हा लवकर ओळख देते. चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, कारण तो डोळ्यांनी भक्ष्य शोधतो. गॉडविट उभ्या उभ्या लांब चोच शिलाई यंत्रासारखी खाली-वर करतो, कारण त्याचे भक्ष्य खोल आहे आणि ते तो स्पर्शाने शोधतो. एकाच चिखलात इतके पक्षी भांडणाशिवाय कसे चरतात, हे चोचींच्या लांबीवरून एकदा समजले की माणूस नावे विसरला तरी खाडी विसरत नाही. इथे वेळ द्या.

रोहितांत दोन जाती. मोठा उंच, रंगाने फिकट, चोच गुलाबी आणि फक्त टोक काळे. लहान बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल-काळपट. दोन्ही शेजारी उभे असतील तेव्हा स्कोप तिथेच थांबवा.

पक्षी उठू नयेत म्हणून

थवा उडाला की लोक कॅमेरे वर करतात आणि काहींना तोच फेरीचा कळस वाटतो. वास्तविक तिथे वाटाड्या चुकलेला असतो. भरतीला विसावलेल्या पक्ष्याला चरायला जागा नसते. तो शक्ती राखून उभा असतो. मार्च-एप्रिलमध्ये तर हजारो किलोमीटरच्या उड्डाणासाठी तो चरबी साठवत असतो. आपला गट गेला की दुसरा येतो, मग तिसरा. पक्ष्याला दर वेळी उडावे लागते.

रोहितांपासून किमान शंभर मीटर धरा, पण खरे माप त्यांच्या वागण्यात आहे. चरणे थांबून माना वर झाल्या, ही पहिली सूचना: जागीच थांबा. सगळे एकाच दिशेला चालू लागले, ही दुसरी: सावकाश मागे या. तिसरी सूचना मिळत नाही, थवा उठतो. जवळ जायचेच तर सरळ रेषेत नाही, तिरके आणि सगळे एका ओळीत. बांधावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर पंधरा माणसे ओळीने उभी राहिली की लांबूनही पक्षी बिचकतात, म्हणून झाडीच्या आडोशाला थांबा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत.

फोटो काढणारा एक माणूस हमखास दहा पावले पुढे जातो. त्याला सर्वांसमोर टोकू नका. सुरुवातीलाच नियम सांगा की वाटाड्याच्या पुढे कोणी नाही, आणि त्याला थांबायच्या प्रत्येक जागी पहिली पाच मिनिटे उन्हाच्या बाजूची चांगली जागा द्या. सहसा प्रश्न मिटतो.

ऐरोलीहून बोटीने जात असाल तर बोटीची वेळ भरतीवर ठरते, आपल्या सोयीवर नाही. लाइफ जॅकेट बांधल्याशिवाय बोट सोडू नका. थव्याच्या अलीकडे वेग कमी करून बाजूने जायला तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) आधीच सांगा, मधे ओरडून सांगितले तर माणसांच्या आवाजानेच पक्षी उठतात. काठावर कोळ्यांची जाळी सुकत असतात, खेकडे पकडणारे असतात. जाळी ओलांडू नयेत. आणि बांध सोडून चिखलात कोणी उतरू नये: वरून घट्ट दिसणारा थर पाय टाकताच गुडघ्यापर्यंत खचतो, आणि भरतीचे पाणी आधी मागच्या ओहळांतून शिरते, समोरून नाही.

यादी

मोजणी एकाकडे, लिहिणे दुसऱ्याकडे. थव्यातले पन्नास पक्षी मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते डोळ्यांत धरा आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते बघा. दोघांनी वेगवेगळे मोजावे. आकड्यांत फार अंतर पडले तर तिसऱ्यांदा मोजावे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चिखलाणीची यादी वेगळी आणि तळ्याची वेगळी ठेवा. सगळे एकत्र भरले तर तळ्यावर उतरलेला तोच थवा दुसऱ्यांदा मोजला जातो. एखाद्या पक्ष्याच्या पायात कडे किंवा रंगीत पट्टी दिसली तर कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, रंगांचा क्रम आणि अक्षरे लिहून घ्या, फोटो धूसर असला तरी ठेवा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवा.

यादीच्या शेवटी तिथी, तक्त्यातली भरतीची वेळ, थवा तळ्यावर प्रत्यक्ष उतरला ती वेळ आणि तो कुठल्या बाजूने आला, हे चार रकाने भरा. चार-पाच फेऱ्यांनंतर हे रकाने पाहून पुढच्या महिन्याची वेळ पंधरा मिनिटांच्या फरकाने सांगता येते.