एमपीव्हीला छोटा कॅम्पर ट्रेलर जोडून कोकणात कसं उतरावं

कोल्हापुरातून कोकणात जायचं म्हणजे घाट आलाच. आंबा घ्या, फोंडा घ्या, नाहीतर गगनबावड्याहून करूळ. त्यामुळे इनोव्हा किंवा अर्टिगासारख्या एमपीव्हीमागे, म्हणजे सहा-सात-आठ जणांच्या मोठ्या गाडीमागे, कॅम्पर ट्रेलर (झोपण्या-राहण्याची सोय असलेला, मागून ओढायचा डबा) जोडायचा असेल, तर गाडी तो ओढेल का यापेक्षा उतारावर त्याला आवरेल का, हे आधी बघा. सपाटीवर ओढायला फार लागत नाही.

सुरुवात गाडीच्या पुस्तिकेपासून करा. अमेरिकेत टोयोटा सिएनासारख्या मिनीव्हॅनला कंपनीच ३,५०० पौंडांची, म्हणजे साधारण १,५८८ किलोंची मर्यादा देते. हा आकडा तिकडच्या मॉडेलचा; आपल्या गाडीला तो लावायचा नाही. आपल्या पुस्तिकेत ट्रेलरची मर्यादा किती ते बघा. ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असू शकतात. 'ट्रेलर ओढू नये' असं लिहिलं असेल तर विषय तिथंच संपला. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात हुक कुणीही पक्का वेल्डिंग करून देईल, पण त्यानं गाडीचे ब्रेक, क्लच आणि गिअरबॉक्स पक्के होत नाहीत.

कागदपत्रंही आधीच उरका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे. ट्रेलर विकत घेण्याआधी किंवा गाडीला हुक बसवण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

वजन: इथं घाई नको

ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसा पूर्ण भरा. पाण्याची टाकी, गॅस, गाद्या, भांडी, सगळं. ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो, हे हमखास विसरलं जातं. मग ट्रेलर वजनकाट्यावर न्या. उसाच्या या पट्ट्यात काटा शोधत फिरावं लागत नाही, फक्त गळीत हंगामात रांग लागते. ट्रेलर सोडवून एकट्याचं वजन घ्या.

आता नाकाचं वजन, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर किती भार टाकतो ते. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं. ६०० किलोंच्या ट्रेलरला ६० ते ९० किलो. ट्रेलर सपाट जागी, आडवा समतल ठेवा, दांड्याचं टोक हुकाच्या उंचीवर एका भक्कम लाकडी ठोकळ्यावर टेका आणि तो ठोकळा घरच्या वजनकाट्यावर ठेवा. आकडा काट्याच्या क्षमतेबाहेर जाईल असं वाटलं, तर धान्याच्या दुकानातला पोती मोजायचा काटा वापरा.

नाक हलकं आणि शेपूट जड झालं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, आणि मग तो गाडीलाही झुलवतो. नाक फार जड झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात. अर्टिगा पुढच्या चाकांवर चालते, तेव्हा पावसात, चढाला नेमकी हीच चाकं घसरतात. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या वर, किंचित पुढे आणि तळाशी ठेवा. हुकावरचं वजन गाडीच्या भारातच मोजायचं: नाक ८० किलोंचं असेल तर एक मोठा माणूस आणि त्याची बॅग मागं बसली असं समजा, आणि तेवढं गाडीतून कमी करा. हुकाची म्हणून वेगळी भारमर्यादा असते, तीही बघा.

जोडताना

गाडीच्या हुकाचा बॉल आणि त्यावर बसणारा ट्रेलरच्या दांड्याचा कप एकाच मापाचे हवेत. ५० मिलिमीटर आणि २ इंच यांत जेमतेम ०.८ मिलिमीटरचा फरक, तरी २ इंची कपात ५० चा बॉल सैल बसतो. कुलूप लागलं की ट्रेलरच्या पुढच्या जॅकनं दांडा थोडा वर उचला. गाडीची मागची बाजूही त्याबरोबर वर आली, तर पकड बसली. नुसता दांडा सुटून वर आला, तर पुन्हा लावा. साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावा, म्हणजे जोड सुटलाच तरी दांडा रस्त्यावर न पडता साखळीवर झेलला जातो. ब्रेक लाइट आणि इंडिकेटर दुसऱ्या माणसाला मागं उभं करून तपासा. टायरची हवा थंड असताना भरा.

रस्त्यावर

पहिल्याच दिवशी घाट नको. कागलपर्यंत हायवेनं जाऊन या, मग पन्हाळ्याचा चढ-उतार करून बघा. दर थांब्यावर ट्रेलरच्या चाकाच्या हबजवळ हात न्या. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक बघा. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा.

ट्रेलर झुलायला लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. जोरात ब्रेक नको, आणि झुलणं मोडायला वेग वाढवणं तर अजिबात नको. वेग उतरला की ट्रेलर सहसा आपोआप शांत होतो. मग थांबून सामान पुढं सरकवा.

वळणावर ट्रेलर आतून कापतो, म्हणून गाडी जरा बाहेरून घ्या. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर भेटतात, तिथं ओव्हरटेकला नेहमीपेक्षा बरंच लांबचा मोकळा रस्ता लागतो. दिसत नसेल तर मागं राहा.

घाट उतरायच्या आधीच, माथ्यावर, खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकवर पाय ठेवूनच खाली येऊ नका. इंजिनाला गाडी धरू द्या, आणि वेग वाढला की एकदा नीट ब्रेक दाबून सोडा. जळका वास आला की रुंद जागा बघून थांबा आणि ब्रेक आपोआप निवू द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते. पावसाळ्यात आंबा घाटात धुकं उतरतं; तेव्हा दिवसाच आणि सावकाश.

रिव्हर्सचा सराव रिकाम्या मैदानावर करा. स्टिअरिंग खालून धरा. ट्रेलरचं शेपूट जिकडं न्यायचं तिकडं हात सरकवा. छोटा ट्रेलर फार चटकन वळतो, म्हणून हात थोडाच हलवा, आणि वाकडं गेलं की पुढं घेऊन सरळ करा.

मुक्कामाला पोचल्यावर गाडीपासून सोडवण्याआधी ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी उटी लावा. साखळ्या सगळ्यात शेवटी काढा.