रालामंडलला निघताना : विशेष मुलांच्या सहलीतल्या या चुका टाळा

पहिल्यांदा इंदूरजवळच्या रालामंडल अभयारण्याला गेलो तेव्हा वीस मिनिटांत परत फिरलो होतो. डिसेंबरातला रविवार, बाहेर गाड्यांची रांग, मागून हॉर्न, आणि आमचा सात वर्षांचा स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा पार्किंगच्या मातीत आडवा. घरी येऊन मी आईला फोनवर सांगितलं, "ह्याला जंगल काही आवडत नाही गं." जंगल त्यानं पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते पार्किंग.

त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून इंदुरातल्या आमच्यासारख्याच पाच-सहा घरांबरोबर रालामंडल, सिरपूर तलाव, यशवंत सागर अशा बऱ्याच चकरा झाल्या. काही छान, काही पार फसलेल्या. फसलेल्या आठवल्या की एकच गोष्ट दिसते: बेत मोठ्यांच्या हौशीनं आखलेला होता आणि मूल त्यात बसवलं होतं.

वार आणि वेळ

रविवार, सण आणि नाताळची सुट्टी, हे दिवस सोडून द्या. मधल्या वारी सकाळी लवकर गेलात तर निम्मा त्रास तिथेच संपतो. साप्ताहिक सुट्टी कोणती आणि तिकीटखिडकी किती वाजता उघडते हे फोन करून आदल्या दिवशी विचारून घ्या. तीन दिवस "आपण जंगलात जाणार" म्हणून तयार केलेल्या मुलाला बंद गेटसमोर उभं करणं किती महागात पडतं, ते एकदा भोगलंय.

त्याआधी एकट्यानं जाऊन या. ही चकर वाचवण्याचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. स्वच्छतागृह कुठे आहे, त्यात वास किती, धरायला काही आहे का, सावलीतलं पहिलं बाकडं किती पावलांवर, चढ कुठे सुरू होतो, पाणी उघडं कुठे आहे, हे कुठल्याही वेबसाइटवर मिळत नाही. आणि मोबाइलवर फोटो काढा: गेट, तिकीटखिडकी, वाट, बाकडं, स्वच्छतागृह, आपली गाडी, घर. सात फोटो पुरतात. रोज रात्री ते दाखवून दोन-दोन वाक्यांत गोष्ट सांगायची. याला 'सोशल स्टोरी' म्हणतात. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेनं १९९० च्या सुमारास ही पद्धत आणली आणि आता आपल्याकडच्या विशेष शिक्षिकाही ती वापरतात.

गोष्टीत एक चूक हमखास होते. "तिथे हरीण दिसेल हं!" असं आपण लाडानं सांगून बसतो. चितळाला आपलं वेळापत्रक माहीत नसतं, आणि आमचा मुलगा दिलेला शब्द विसरत नाही. हरणाच्या फोटोवर आता मोठं प्रश्नचिन्ह काढलेलं असतं. ते चिन्ह म्हणजे 'कदाचित' हे त्याला शिकवायला दोन महिने गेले, पण पुढे ते लाइट जाण्यापासून मामाच्या येण्यापर्यंत सगळीकडे उपयोगी पडलं.

"आलोच आहोत तर वरपर्यंत जाऊ"

रालामंडल १९८९ मध्ये अभयारण्य झालं. टेकडीच्या माथ्यावर होळकरांची शिकारगाह, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली वास्तू, आहे आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तिथवर जायचंच असतं. आजोबांना तर होळकरांचं नाव ऐकूनच स्फुरण चढतं. मुलाला मात्र खालच्या वाटेवरचं मुंग्यांचं वारूळ पुरतं. पुरू द्या.

ही नुसती आवडीनिवडीची बाब नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो, त्यामुळे चढाविषयी डॉक्टरांना आधी विचारायला हवं. यातल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा जोड सैल असतो. जिथे जीपनं फिरवतात तिथे मागच्या सीटवर बसून खड्ड्यांचे हिसके त्यांना नकोत. व्हीलचेअर असेल तर धार रोडवरच्या सिरपूरला सपाटीवर पुष्कळ पक्षी दिसतात. सिरपूर आणि यशवंत सागर दोन्ही २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आले. हिवाळ्यात बदकं पाहायला माथा गाठावा लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

पाणी

इथे मी जरा जास्त बोलणार आहे. हात सोडून अचानक पळत सुटणं स्वमग्न मुलांमध्ये बरंच आढळतं, आणि त्यातल्या कित्येकांना पाण्याची जबरदस्त ओढ असते. अशा पळालेल्या मुलांच्या मृत्यूंमध्ये बुडणं हे प्रमुख कारण आहे. पोहता येतं का, हा प्रश्न नंतरचा.

आमच्या एका सहलीत सहा मुलं आणि नऊ मोठी माणसं होती. मोजून पाहिलं तर भरपूर. तरीही एक मुलगी बांधाच्या कडेला एकटीच पोचली होती, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणाचं तरी लक्ष आहे. त्या दिवसापासून नियम केला: एका मुलाला एकच माणूस, आणि जबाबदारी बदलताना मोठ्यानं बोलायचं, "आता माझ्याकडे." समोरच्यानं "दिली" म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. काकूंना हे पोरकट वाटलं होतं. तरी म्हणतात. मूल दिसेनासं झालं तर गाडी, गेट, झाडी हे सगळं मागाहून. आधी पाण्याकडे धावा.

कपडे लांबून दिसतील असे, भगवे किंवा पिवळेजर्द घाला. पक्षी पाहणारे लोक खाकी-हिरव्याचा आग्रह धरतात आणि आमच्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडू देत. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहून ठेवा.

आणि भाषा. हा इंदुरातल्या मराठी घरांचा खास घोळ आहे. घरी आपण "थांब" म्हणतो, शाळेत आणि थेरपीत "रुको", सोबतचा तरुण स्वयंसेवक "स्टॉप". ज्या मुलाचा एकाच शब्दावर भरवसा बसलेला असतो, त्याला बाकीचे दोन नुसते आवाज. माझा मुलगा "थांब"वर थिजतो, आणि "रुको" ऐकून एकदा माझ्यासमोर खुशाल पुढे चालत गेला. निघण्याआधी गाडीतच सगळ्यांनी एक शब्द ठरवा, गाडीच्या ड्रायव्हरसकट. शब्द मुलाच्या सवयीचा हवा.

औषधं आणि ऊन

फिट्सच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेटनं, घाम कमी येतो. सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना ट्रायहेक्सीफेनिडिल देतात, त्यानंही तसंच होतं. घाम आला नाही की अंग तापत जातं आणि मूल ते सांगू शकत नाही. अशा मुलांना मार्च उजाडल्यावर दुपारी नेऊच नका. थंडीतही टोपी, पाणी आणि मानेवर ओला पंचा हवा. फिट थांबवायला तातडीसाठी दिलेला मिडाझोलामचा स्प्रे गाडीच्या डिकीत ठेवून लोक मैलभर चालत जातात. तो तुमच्या खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. उजेडाच्या लुकलुकण्यानं फिट येणारं मूल असेल तर झाडांच्या रांगेतून जाणाऱ्या गाडीत ऊन-सावलीच्या भगभगीकडेही लक्ष ठेवा. तळहातानं एक डोळा झाकला की फरक पडतो.

"हात लावू नको"

दिवसभर हेच ऐकवायचं तर मुलाला न्यायचं कशाला? काय टाळायचं हे मोठ्यांना ठाऊक हवं. खाजकुइलीच्या मखमली शेंगा दिसायला गोड, पण त्यांची लव लागली की अंगाची आग होते, आणि स्पर्शाला हळव्या मुलाचा पुढचा सगळा दिवस जातो. गुंजेच्या लालकाळ्या बिया विषारी असतात. माती-खडे तोंडात घालणाऱ्या मुलाजवळ तर त्यांवर डोळा हवाच.

बाकी हात लावण्यासारखं पुष्कळ असतं. खाली पडलेलं सागाचं वाळकं पान पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, पायाखाली पापडासारखं मोडतं. आमच्या गटातला एक दृष्टिहीन मुलगा पायानंच सांगतो, सागाखाली आलो की बाहेर पडलो. हाताशी येतील तेवढ्या झाडांच्या सालीही त्याच्या पाठ आहेत.

गोळा करायची सवय असेल तर मात्र निघताना गेटवर रडारड ठरलेली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यातून काही उचलून आणता येत नाही, आणि हे गेटवर समजावण्यात अर्थ नसतो. आम्ही जाताना घरच्या अंगणातला दगड त्याच्या खिशात देतो. दगड फिरून येतो, घरी परत येतो. काम भागतं.

खाण्याचं थोडक्यात: नवीन काही नको. आमच्याकडे बिनशेवेचे पोहे जातात, इंदुरात ते सांगायची लाज वाटते, पण जातात. माकडं असतील तिथे डबा गाडीतच उघडा.

बिनसलंच तर

मूल आडवं झालं, कान दाबून किंचाळायला लागलं, तर बोलणं बंद करा. समजूत, आमिष, दटावणी, सगळं त्या घडीला नुसता गोंगाट असतो. एकानं जवळ बसायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून लांब जायचं. धोका नसेल तर उचलू नका. बघ्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा. माझं आहे, "त्याला आवाज सहन होत नाही, पाच मिनिटं द्या." आमच्या आजी आधी दृष्ट काढायच्या गोष्टी करायच्या, आता हेच वाक्य हिंदीत म्हणून गर्दी पांगवतात, आणि माझ्यापेक्षा जोरात. आवाज अडवणारे हेडफोन मिळतात तेही चांगले, पण पंधरा दिवस आधी घरी घालून सवय करा. वाटेवर पहिल्यांदा डोक्यावर चढवलेला हेडफोन माझ्या मुलानं झुडपात भिरकावला होता.

मूल मजेत असतानाच निघा. "एवढा रमलाय, अजून अर्धा तास थांबू" म्हटलं की त्या अर्ध्या तासातच बिनसतं. परतताना खाण्यासाठी छप्पन दुकान या गजबजलेल्या खाऊगल्लीचा बेतही नको.

पुढच्या वेळी नवी जागा शोधू नका, तिथेच जा. आमचं वाटेवरचं तिसरं बाकडं ठरलेलं आहे. गेल्या जानेवारीत गेलो तर त्याला ताजा हिरवा रंग दिलेला. मुलगा दहा मिनिटं त्याच्यापुढे उभा राहिला, मग खिशातला दगड काढून त्यानं बाकड्यावर ठेवला आणि स्वतः खाली मातीत बसला. आम्हीही बसलो.