लिलीपाँड शिकायला येताना

लिलीपाँड म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी (स्टाफ नोटेशन) छापायचं सॉफ्टवेअर. रविवारी ठाण्याच्या नौपाड्यात ते शिकायला येणाऱ्यांनी लिलीपाँड आणि फ्रेस्कोबाल्डी ही दोन्ही सॉफ्टवेअर घरूनच डाउनलोड करून आणावीत. दोन्ही फुकट आहेत. नुसतं लिलीपाँड घेतलंत तर लिहायचं कुठे, हेच कळणार नाही. ती जागा फ्रेस्कोबाल्डी पुरवतो. विंडोजसाठी लिलीपाँडची २.२४ आवृत्ती झिप फाइल म्हणून मिळते. ती उघडून कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि फ्रेस्कोबाल्डीच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्या. लॅपटॉप जुना चालेल, मोबाइल नको. गाडी तर नकोच, गोखले रोडला ती लावणार कुठे? स्टेशनवरून चालत या.

खरी तयारी वहीत करायची आहे. इथे माउसने स्वर ओढून ठेवायचे नसतात, अक्षरं टाइप केली की पीडीएफ तयार होते. म्हणून कुठला स्वर किती मात्रांचा आणि कुठल्या सप्तकातला, हे आधी कागदावर ठरवा. भूप रागातली छोटी सरगम आणा. सा म्हणजे सी धरला तर सी, डी, ई, जी, ए एवढ्यात भागतं. एका मात्रेला ४ लिहायचं, अर्धीला ८, दोन मात्रांना २. मींड-मुरक्यांची बंदिश पहिल्या दिवशी कृपया नको.

सापेक्ष पद्धतीने लिहिताना प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळचा धरला जातो. साच्या पुढे थेट प लिहिलात तर खालचा प येतो, कारण तो चार स्वरांवर आहे आणि वरचा पाच. वरचा हवा तर अपॉस्ट्रॉफी द्या. अशा उड्यांवर वहीत आधीच खूण करून ठेवा.

यमन आणणाऱ्यांसाठी: तीव्र मध्यम एफ-आय-एस (फिस) असा टाइप होतो, कारण स्वरांची नावं डच वळणाची आहेत. सुरुवातीला जी मेजर (एफ शार्प असलेलं स्केल) लिहिलं तरी एफ आपोआप तीव्र होत नाही, दर वेळी फिसच लिहावं लागतं. स्टाफ नोटेशन वाचता येणारेच यावर जास्त वैतागतात.

पट्टी कुठलीही असो, सगळं सा म्हणजे सी धरूनच लिहून आणा. ट्रान्सपोजच्या एका आज्ञेने ते हलवता येतं. काळी एक हवी असेल तर सी शार्प न सांगता डी फ्लॅट (तोच सूर) सांगायचं. सी मेजर हलवलं की सात शार्पांऐवजी पाच फ्लॅट येतात, व्हायोलिनवाले दुवा देतील.

गाण्याचे शब्द देवनागरीत छापता येतात, पण मजकूर युनिकोडमध्ये हवा. डीटीपीवाल्याकडच्या जुन्या फॉन्टातली फाइल आणू नका. शब्द स्वरांखाली कसे तुटतात तेही वहीत दाखवा. टाइप करताना त्या तुकड्यांमध्ये दोन आडव्या रेघा लागतात. आणि छापील प्रत कोण वाचणार आहे, ते विचारून या. पाच रेघांचा मूळ आकार २० पॉइंट असतो, चष्मेवाल्यांसाठी तो २४ करू.