सफारीसाठी लेन्स निवडताना या चुका टाळा

सफारीची तारीख ठरली की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती मिमीची लेन्स पुरेल?" प्राणी केवढा आहे, किती लांब असेल आणि त्या वेळी उजेड किती असेल, हे कळल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही. तरी बरेच जण परवडेल तो सर्वांत मोठा आकडा घेऊन मोकळे होतात. मग फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, आले की खापर लेन्सवर फुटतं.

चूक पहिली: नुसता मिलिमीटरचा आकडा पाहणं

फुल फ्रेम कॅमेऱ्याच्या (३६ मिमी रुंद सेन्सर असलेल्या) आडव्या फ्रेममध्ये किती रुंदी मावेल, याचं गणित सोपं आहे. प्राण्याचं अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंथ (लेन्सचा मिमीतला आकडा). ६०० मिमीची लेन्स आहे आणि हत्ती १५ मीटरवर उभा आहे, तर फ्रेममध्ये फक्त ९० सेंटीमीटर मावतात. एक डोळा, कानाचा तुकडा आणि सोंडेची सुरुवात, संपलं. ४० मीटरवर त्याच लेन्समध्ये २.४ मीटर मावतात, म्हणजे आडवा उभा सिंह जेमतेम बसेल. आणि १०० मीटरवर एखादा पक्षी बसला असेल तर फ्रेम ६ मीटर रुंद झालेली असते. तिथे हीच ६०० तोकडी पडते. एपीएस-सी, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर ३६ च्या जागी साधारण २४ धरा. याच कारणाने त्या कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ६०० सारखी फ्रेम देते.

निघण्यापूर्वी हे गणित तीन-चार प्राण्यांसाठी करून पाहा. गाड्यांना ठरलेला रस्ता सोडता येत नसेल तर अंतर तुमच्या हातात नसतं, प्राणी ठरवतो. म्हणून पहिल्या सफारीला प्राइमपेक्षा (एकाच फोकल लेंथच्या लेन्सपेक्षा) झूम घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. १००-४०० किंवा १००-५०० या पल्ल्यात मोठे सस्तन प्राणी बहुतेक वेळा सांभाळले जातात. पक्ष्यांचं वेड असेल तर २००-६०० किंवा १८०-६००, पण मग गाडीच्या अगदी जवळ आलेल्या हत्तीसाठी दुसरा कॅमेरा छोट्या लेन्ससह तयार ठेवा. दुसरा कॅमेरा नसेल तर सरळ फोन काढा. धुळीत लेन्स बदलण्यापेक्षा तो मार्ग कधीही बरा.

चूक दुसरी: उजेडाचा हिशेब न करणं

प्राणी हालचाल करतात पहाटे आणि संध्याकाळी, नेमका तेव्हाच उजेड कमी. लेन्सचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, किती उघडतं ते एफचा आकडा सांगतो; आकडा मोठा तितका प्रकाश कमी. एफ/२.८ च्या तुलनेत एफ/६.३ मधून सुमारे एक-पंचमांश प्रकाश आत येतो. एफ/२.८ वर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० मध्ये जमणारा फोटो, शटर स्पीड तोच ठेवला तर, एफ/६.३ वर आयएसओ ८००० मागतो. आजचे कॅमेरे आणि नॉइज (फोटोतले दाणे) कमी करणारी सॉफ्टवेअर पाहता ८००० ची भीती बाळगायचं कारण नाही. पण एफ/११ वर अडकलेली लेन्स घेताना दोनदा विचार करा. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० मिमी एफ/११ लेन्स हलक्या आहेत, भर उन्हात छान चालतात. मात्र त्यांचं अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही आणि झाडीतल्या बिबट्यापुढे त्या हात टेकतात.

चूक तिसरी: "टेलिकन्व्हर्टर लावू की!"

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी जोड. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप (म्हणजे निम्मा) प्रकाश खातो, दुपटीचा दोन. म्हणजे एफ/६.३ ची लेन्स अनुक्रमे एफ/९ आणि एफ/१३ होते. जुन्या डीएसएलआरपैकी अनेकांचा ऑटोफोकस एफ/५.६ च्या पुढे, तर काहींचा एफ/८ च्या पुढे काम करत नाही. शिवाय जोडी जमते का ते आधी पाहा. कॅननच्या आरएफ १००-५०० वर एक्स्टेंडर (कॅननचा टेलिकन्व्हर्टर) लावला की झूम ३०० च्या खाली येत नाही. सोनीच्या ई माउंटवर (माउंट म्हणजे कॅमेऱ्याची लेन्स जोडायची जागा) इतर कंपन्यांच्या लेन्सना टेलिकन्व्हर्टर चालत नाही. एफ/२.८ किंवा एफ/४ ची प्राइम असेल तर कन्व्हर्टर खुशाल वापरा. एफ/६.३ च्या झूमवर मात्र नंतर फोटो क्रॉप करणं अनेकदा जास्त फायद्याचं ठरतं.

फोटो सॉफ्ट येतात? आधी दोष ओळखा

फोटो शंभर टक्के मोठा करून नीट पाहा. कारण बहुधा फोटोतच दिसतं.

सगळी फ्रेम एकाच दिशेने ओढल्यासारखी असेल तर कॅमेरा हलला आहे. गाडीचं इंजिन चालू असताना लेन्स दारावर किंवा लोखंडी दांड्यावर टेकवली की हमखास असं होतं. इंजिन बंद करायला सांगा आणि खाली बीन बॅग (दाणे भरलेली पिशवी) ठेवा. गाडीत ट्रायपॉड उघडायला जागा नसते, त्यामुळे तो न्यायचा खटाटोप करू नका.

जमीन आणि गवत धारदार, पण प्राणी पुसट? शटर स्पीड कमी पडला. स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, प्राण्याची धाव नाही. चालत्या प्राण्यासाठी १/५०० सेकंद, धावत्यासाठी किमान १/१०००, उडत्या पक्ष्यासाठी १/२००० पासून सुरुवात करा.

पुढची काडी स्पष्ट आणि मागचा चेहरा धूसर असेल तर फोकस पॉइंट चुकला. एकच छोटा पॉइंट निवडून तो डोळ्यावर ठेवा. झाडीत कॅमेऱ्यावर सगळं सोपवू नका. डोळा शोधणारा ऑटोफोकससुद्धा फांद्यांमुळे फसतो.

आणि काहीच धारदार नाही, कडा लाटांसारख्या थरथरतायत, तर ती तापलेल्या हवेची करामत आहे. मोकळ्या मैदानात दुपारी दूरवरचा प्राणी टिपताना महागडी लेन्ससुद्धा इथे निरुपयोगी ठरते. उलट फोकल लेंथ जितकी मोठी तितकी ही थरथर ठळक दिसते. अंतर कमी करा, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबा. एका फोटोवरून लेन्स बिघडली असं ठरवू नका. सकाळी २० मीटरवरच्या झाडाच्या खोडाचा फोटो काढून पडताळा.

स्वस्तातला यूव्ही फिल्टर समोर असेल तर तो काढून पुन्हा एक फोटो घ्या. लांब फोकल लेंथवर त्याने होणारं नुकसान स्पष्ट दिसतं. संरक्षणाला हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचं कडं) पुरेसा आहे.

फोकस लिमिटरचं बटण

लेन्सने कोणत्या अंतरात फोकस शोधायचा ते ठरवणारं एक छोटं बटण लांब लेन्सवर असतं आणि बॅगेत घासून ते सरकतं. ते फक्त दूरच्या अंतरावर असेल तर जवळ आलेल्या प्राण्यावर फोकस लागतच नाही आणि लोक घाबरतात. दूरच्याच पक्ष्यावर लक्ष असेल तेव्हा मात्र हेच बटण फोकसची निष्कारण पुढेमागे होणारी धावपळ थांबवतं.

लेन्स भाड्याने घेत असाल तर निघण्याच्या दोन दिवस आधी हातात घ्या. माउंट जुळतो का, फर्मवेअर (लेन्समधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत आहे का, ट्रायपॉड कॉलर (लेन्सभोवतीचं, ट्रायपॉडला जोडायचं कडं) आणि हूड सोबत दिले आहेत का, ते तपासा. वजनही घरीच अनुभवा. सोनीच्या २००-६०० सारखी झूम दोन किलोंच्या वर जाते. ती पाच मिनिटं डोळ्याशी धरून पाहिली की बीन बॅग घ्यायची की नाही, ते लगेच ठरेल.