बीपीची वार्षिक तपासणी: गोळी घेऊन जा, वही घेऊन जा

गेल्या वर्षी वार्षिक तपासणीच्या दिवशी माझं बीपी १६८/९६ भरलं. दोष माझाच. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून बीपीची गोळीही घेतली नव्हती. ठाण्याच्या नौपाड्यात रिक्षा मिळेना, मग घाईघाईने चालत निघालो. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. दम लागलेला असतानाच दंडाला पट्टा बांधला गेला. डॉक्टर डोस वाढवायच्या बेतात होते, तेवढ्यात मी घरच्या नोंदींची वही पुढे केली. आठवड्याची सरासरी १२८/७८. डोस तसाच राहिला.

आठवडाभर आधी: वही

मशीन दंडाला बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी गोळी आणि चहा घ्यायच्या आधी, लघवीला जाऊन आल्यावर, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा. पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, फक्त चांगला आलेला नव्हे. संध्याकाळी पुन्हा तसंच. सात दिवस झाले की पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती साधारण १३५/८५ च्या खाली हवी. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरचा जोडीदार आकडा हाच. डॉक्टरांनी तुम्हाला याहून कमीचं लक्ष्य दिलं असेल तर तेच धरायचं.

मोजताना बोलायचं नाही. आमच्याकडे हेच अवघड जातं. पट्टा फुगत असतानाच आई कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि मोठ्याने सांगतेही. बोलण्यानेसुद्धा वरचा आकडा चढतो.

तपासणीची सकाळ

रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास पोट रिकामं, साधं पाणी चालतं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर नेहमीच्या वेळीच घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका, त्याचं आदल्या दिवशीच विचारून ठेवा. सकाळची पहिली लघवी लॅबच्या डबीत न्या.

लॅबमध्ये काय मागायचं

सत्तर-ऐंशी चाचण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजला भुलू नका. अशा लांबलचक यादीतून बीपीवाल्याला सर्वांत गरजेची चाचणी खुशाल निसटलेली असते: लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, म्हणजे एसीआर. बीपीचा मार मूत्रपिंडाला बसू लागला की गाळणीतून प्रथिनं झिरपायला लागतात आणि ते या चाचणीत लवकर दिसतं, बरेचदा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) वाढायच्याही आधी. आकडा ३० च्या खाली हवा. ताप, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम असेल तर तो उगाच वाढलेला येतो, तेव्हा थोडे दिवस थांबा. एकदा जास्त आला म्हणून हातपाय गाळू नका, पुन्हा करून खात्री करतात.

रक्तात क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं याचा अंदाज), सोडियम-पोटॅशियम, साखर, लिपिड प्रोफाइल. यातलं पोटॅशियम गोळ्यांमुळेही हलतं: टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या औषधांनी वाढू शकतं, लघवीच्या गोळीने बहुधा उतरतं. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियमच असतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

ईसीजी दोन-चार मिनिटांत होतो. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीला मात्र वेळ काढा. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, घोडबंदर रोड काही तुमच्यासाठी थांबणार नाही.

खाजगी लॅबचा खर्च झेपत नसेल तर महापालिकेचं आरोग्य केंद्र किंवा ‘आपला दवाखाना’ हे सरकारी केंद्र गाठा. ठाणेकरांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. कोणती चाचणी कुठे आणि कधी होते, हे आधी विचारून जा, म्हणजे उपाशीपोटी हेलपाटा पडत नाही.

डॉक्टरांसमोर

गोळ्यांची नावं आठवत बसू नका, स्ट्रिप्सची पिशवीच न्या. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही त्यात टाका. त्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडालाही त्रास देतात. अॅम्लोडिपिनवर घोटे सुजतात का, रॅमिप्रिलवर कोरडा खोकला येतो का, हे स्वतःहून सांगा. त्रास झाला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका, बदलून मिळते. साठी ओलांडलेल्यांनी उभं राहूनही बीपी मोजायला सांगावं. उठल्यावर वरचा आकडा २० ने उतरत असेल तर पहाटे बाथरूमला जाताना चक्कर का येते, याचं उत्तर तिथेच सापडतं.

घरी कधी १८०/१२० किंवा त्याहून जास्त आलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं असेल तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. यातलं काहीच होत नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

रिपोर्ट घरी आले की फाइलमध्ये नुसते खुपसू नका. मी पुठ्ठ्यावर एक तक्ता चिकटवलाय: वर्ष, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, वजन. सुरुवातीला क्रिएटिनिन ०.८ होतं, मग १.०, यंदा १.२. लॅबच्या कागदावर तिन्ही नॉर्मलच होते. डॉक्टरांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला, “गुडघ्यासाठी काय घेताय?”