बशी उलटी करून बघा: घरातली ‘चिनी माती’ ओळखायची कशी?

आपल्याकडे सगळंच ‘चिनी माती’. लोणच्याची बरणी चिनी मातीची, पाहुण्यांसाठी राखलेले कप चिनी मातीचे आणि जयपूरहून आणलेली निळी फुलदाणीही चिनी मातीचीच. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर आवरताना माळ्यावरून दोन खोकी निघाली, तेव्हा मीही असंच म्हणत होतो. नीट बघितल्यावर त्यात पाच निरनिराळ्या जातींची भांडी निघाली. तुमच्या माळ्यावरही असं खोकं असेल, तर एक सकाळ त्यासाठी काढा.

टेबलावर जुनी सतरंजी दुमडून घाला, हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. आता बशीमागे मोबाइलची बॅटरी लावा आणि मधे बोट धरा. बोटाची सावली आरपार दिसली तर ते पोर्सिलेन किंवा बोन चायना असण्याची शक्यता मोठी. जाड भांड्यातून मात्र उजेड येत नाही, तेवढं ध्यानात असू द्या. पोर्सिलेनमध्ये केओलिन ही पांढरी माती असते आणि ते साधारण १३०० अंशांना भाजतात. त्याचा पांढरा रंग जरा निळसर, थंड दिसतो. बोन चायना सायीच्या रंगाकडे झुकतं, कारण त्यात जनावरांच्या हाडांची राख घातलेली असते, तीही थोडीथोडकी नाही. हे ऐकल्यावर आमच्या आत्याने त्या कपातला चहा कायमचा सोडला. तेव्हा घरात सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

उजेड आरपार गेला नाही तर भांडं उलटं करा. बुडाच्या कडीला सहसा झिलई नसते. तिथे, किंवा टवका उडालेल्या जागी, आतली खरी माती दिसते. पिवळसर-तपकिरी, भुसभुशीत माती आणि वर पांढरा थर असेल तर ती हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या वळणाची वस्तू. सतराव्या शतकात डच कुंभारांना चिनी पोर्सिलेन काही साधेना, म्हणून त्यांनी साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई देऊन निळी चित्रं काढली. म्हणूनच अशा बशांच्या काठाचे टवके पटकन उडतात. माती करडी, घट्ट, दगडासारखी असेल तर ते स्टोनवेअर. आपल्या बरण्या बहुतेक याच जातीच्या. जयपूरच्या निळ्या भांड्यात तर नेहमीची कुंभारमाती नसतेच. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती आणि डिंक यांचा तो लगदा. ते पाण्यात भिजत ठेवू नका.

आता शिक्के. इथे भलेभले फसतात, मीही फसलो. एका फुलदाणीच्या बुडाशी सहा चिनी अक्षरं होती. ती मिंग घराण्यातल्या बादशहाच्या नावाची निघाली तेव्हा दोन दिवस मी हवेत होतो. पण नंतरच्या चिंग घराण्यातल्या कांग्शी बादशहाच्या काळातले (१६६२ ते १७२२) कुंभारही चेंगहुआ (१४६५ ते १४८७) या आधीच्या मिंग बादशहाचं नाव आदराने लिहीत, आणि ही रीत पुढेही चालू राहिली. माझी फुलदाणी बरीच अलीकडची. एकमेकींवर फुलीसारख्या ठेवलेल्या दोन तलवारींचं तसंच. ती जर्मनीतल्या माइसेनची खूण, १७१० साली सुरू झालेल्या कारखान्याची. पण तिच्या नकला ढिगाने झाल्या. त्यापेक्षा इंग्रजी अक्षरं कामाची. ‘निप्पॉन’ (म्हणजे जपान) असेल तर वस्तू बहुधा १८९१ ते १९२१ मधली, कारण मालावर देशाचं नाव हवं असा अमेरिकेचा कायदा होता. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची.

नक्षीवरून बोट फिरवा. रंग किंचित उंच लागला तर तो झिलईवर चढवलेला आहे. सोनेरी काठही तसाच. तो घासणीने आणि पावडरीने जातो.

धुताना प्लास्टिकच्या टबात तळाला टॉवेल, कोमट पाणी, दोन थेंब लिक्विड साबण, एका वेळी एकच भांडं. डिंकाने जोडलेला जुना सांधा किंवा तडा असेल तर बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. बोअरचं पाणी असेल तर शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा द्या, नाहीतर पांढरे डाग बसतात.

मांडणी करताना नागपुरात मुख्य शत्रू कुलर. त्याच्या घरघरीने फळीवरच्या बशा रोज केसभर पुढे सरकतात आणि एका दुपारी खाली येतात. कुलरच्या खिडकीची भिंत टाळा, प्रत्येक बशीखाली रबराची चकती ठेवा. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर तापलेली बशी लगेच थंड पाण्याखाली धरू नका.

डोळा तयार करायचा असेल तर चंद्रपूर रस्त्यावरच्या भद्रावतीला जा. तिथल्या ग्रामोदय संघात मातीकाम जवळून बघता येतं, आणि नवं भांडं हातात घेतलं की जुन्याचं वजन कळतं.

आणि ती जुनी बरणी? आतली झिलई तडकलेली असेल किंवा आत रंग असेल तर तिच्यात कैरीचं लोणचं घालू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट त्याला बाहेर काढतं. आमच्या बरणीत आता छत्र्या असतात.