आउट-ऑफ-स्टेट पब्लिक युनिव्हर्सिटी आणि मेरिट स्कॉलरशिप: लेकीच्या ॲडमिशनच्या वेळी जे जे कळलं ते

आमची लेक टस्कलूसाला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामाला इंजिनिअरिंग शिकतेय आणि आम्ही राहतो सेंट्रल जर्सीत. मंडळाच्या गणपतीला गेलं की टेन्थ-इलेव्हन्थ ग्रेडवाल्या मुलांचे आईबाबा हमखास बाजूला घेऊन विचारतात, की रटगर्स हाकेच्या अंतरावर असताना पोरीला इतक्या लांब का पाठवलंत, आणि ते मेरिटचे पैसे म्हणतात ते खरंच मिळतात का हो. मिळतात. पण सगळीकडे मिळत नाहीत, आणि कुठे मिळतात हे टेन्थच्या उन्हाळ्यातच बघायला लागलं तर खूप सोपं जातं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आपल्यासारख्या घरांचं गणित साधारण सारखंच असतं. दोन पगार, घराचं लोन, थोडं ५२९ मध्ये (कॉलेजसाठीच्या बचत खात्यात) साठवलेलं, आणि फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म) भरला की उत्तर येतं की तुम्हाला गरज नाही. त्यात २०२४-२५ पासून फॉर्म्युला बदलला, आधी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की सूट मिळायची ती गेली, त्यामुळे जुळी किंवा पाठोपाठची मुलं असलेल्यांनी जुन्या ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका. गरजेवरची मदत मिळणार नाही म्हटल्यावर उरतं मेरिट. आणि आयव्ही लीगमध्ये मेरिट स्कॉलरशिप हा प्रकारच नाही, तिथे फक्त गरज बघतात. मग मेरिट देतात कोण, तर बरीचशी प्रायव्हेट कॉलेजं, आणि दुसऱ्या स्टेटच्या पब्लिक युनिव्हर्सिटीज.

ह्या युनिव्हर्सिटीज आपल्या मुलांना पैसे का देतात हे आधी समजून घ्या, म्हणजे कुठे शोधायचं ते आपोआप कळतं. स्टेट सरकारकडून येणारा पैसा कमी होत गेला, २००८ च्या मंदीनंतर तर खूपच, मग बाहेरच्या स्टेटची मुलं आणणं हा मार्ग बऱ्याच जणांनी धरला. अलाबामाने तर त्याच्याही आधी, २००३ मध्ये रॉबर्ट विट प्रेसिडेंट झाल्यावर जोरात सुरू केलं, आणि आज तिथली निम्म्याहून जास्त अंडरग्रॅड मुलं बाहेरच्या स्टेटची आहेत. तिथे लोकल, म्हणजे त्याच स्टेटच्या मुलाची ट्यूशन वर्षाला १२ हजार डॉलरच्या आसपास आणि बाहेरच्याची ३३ हजारांच्या पुढे. म्हणजे बाहेरच्या मुलाला चांगली घसघशीत सूट दिली तरी युनिव्हर्सिटीचं फार बिघडत नाही, वर चांगल्या स्कोअरची मुलं मिळतात, क्लासचा दर्जा वाढतो. ह्यात त्यांचाही फायदा आहे आणि आपलाही, त्यामुळे कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

ह्याच्या उलट जिथे आधीच रांग लागलेली आहे त्यांना सूट द्यायची गरजच नाही. मिशिगन, बर्कली, यूसीएलए, व्हर्जिनिया ही नावं आपल्या प्रत्येक घरात ऐकू येतात. मिशिगन किंवा यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला) बाहेरून गेलात तर राहण्या-जेवणासकट वर्षाला ७५ हजारांच्या पुढे जातं, आणि मेरिट मिळतं ते अगदी मोजक्या मुलांना. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटीला बाहेरच्या फ्रेशमनवर वर्षानुवर्षं १८ टक्क्यांची मर्यादा होती, तिथली मोअरहेड-केन किंवा व्हर्जिनियाची जेफरसन स्कॉलरशिप सगळा खर्च देते हे खरं, पण त्या भरवशावर घराचं बजेट आखू नका. अप्लाय करायचं तर जरूर करा. फक्त ॲडमिशन आली आणि मग पैसे नाहीत म्हणून नाही म्हणावं लागलं, हे सतरा वर्षांच्या पोराला फार लागतं, मी जवळच्या घरात पाहिलंय.

म्हणून पहिलं काम म्हणजे मुलाशी पैशाचं बोलणं. आपल्याकडे मुलांपुढे पैशाचा विषय काढायचा नाही, "तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघू" असंच आपण ऐकत मोठे झालो, पण इथे ते चालत नाही असं माझं ठाम मत आहे. आम्ही इलेव्हन्थच्या सुरुवातीला जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि तिला एकच आकडा सांगितला, वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, धाकट्याचंही आहे. ती थोडा वेळ गप्प बसली, मग तिनेच एक शीट बनवली, पहिल्या कॉलममध्ये युनिव्हर्सिटी, मग एकूण खर्च, मग खात्रीचं मेरिट, मग कदाचित मिळेल असं मेरिट वेगळ्या रंगात, आणि शेवटी आमच्या आकड्यापेक्षा वर की खाली. त्या शेवटच्या कॉलममुळे नंतरची किती भांडणं वाचली असतील. लोनचंही तेव्हाच सांगून टाका. मुलाच्या स्वतःच्या नावावर फेडरल लोन पहिल्या वर्षी ५,५०० आणि चार वर्षांचं मिळून २७,००० एवढंच मिळतं, बाकीचं सगळं आईबापाच्या डोक्यावर येतं, आणि जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांसाठी पेरेंट प्लस लोनलाही (आईवडिलांच्या नावावरच्या फेडरल लोनला) वर्षाला २०,००० आणि एका मुलामागे एकूण ६५,००० अशी मर्यादा आहे. "बघू, लोन काढू" हे उत्तर आता पूर्वीसारखं चालणार नाही.

आता शोधायचं कसं. मेरिटचे दोन प्रकार असतात, एक आपोआप मिळणारं आणि दुसरं स्पर्धेचं. अलाबामासारख्या काही युनिव्हर्सिटीज चक्क टेबलच देतात, एवढा जीपीए आणि एवढा एसएटी किंवा एसीटी असेल तर वर्षाला एवढे डॉलर, बास. हे आकडे दरवर्षी बदलतात त्यामुळे मागच्या वर्षीच्या कुणाच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका, आपल्या मुलाच्या वर्षाचं पेज बघा. जिथे टेबल नाही तिथे त्या युनिव्हर्सिटीचा कॉमन डेटा सेट शोधा (युनिव्हर्सिटीज ठरावीक नमुन्यात स्वतःची माहिती जाहीर करतात तो), त्यात एच सेक्शनमध्ये असतं की गरज नसलेल्या किती मुलांना मेरिट दिलं आणि सरासरी किती दिलं. नुसतं "उदार स्कॉलरशिप उपलब्ध" असं छापलेलं असतं त्यापेक्षा हा एक तक्ता जास्त खरं बोलतो. नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आपल्याला खरा खर्च किती येईल याचा अंदाज देणारा, वेबसाइटवरचा) २०११ पासून कॉलेजांना ठेवावाच लागतो, पण बऱ्याच ठिकाणी तो बाहेरच्या स्टेटचं मेरिट धरतच नाही, त्यामुळे त्यावर एकट्यावर निर्णय नको.

बाकीचे मार्ग पटापट सांगते. टेक्ससमध्ये कायदाच असा आहे की पब्लिक युनिव्हर्सिटीची किमान १,००० डॉलरची स्पर्धेतून मिळालेली स्कॉलरशिप असली तर तुम्हाला लोकल मुलांची ट्यूशन लागू शकते, म्हणजे कागदावर १,००० दिसतात पण वाचतात त्याच्या कितीतरी पट. सगळे कॅम्पस हे सढळ हाताने देत नाहीत, यूटी डॅलस मात्र ह्यासाठी बघाच. पर्ड्यूने २०१३ पासून ट्यूशन गोठवली, तिथे मेरिट फारसं मिळत नाही पण इंजिनिअरिंगचं नाव बघता मूळ किंमतच मिशिगनच्या मानाने खूप खाली आहे. युनिव्हर्सिटी ऑफ मेनने २०१६ पासून न्यू जर्सीसकट काही स्टेटच्या मुलांना त्यांच्या घरच्या स्टेटच्या फ्लॅगशिपएवढीच (मुख्य पब्लिक युनिव्हर्सिटीएवढीच) ट्यूशन अशी योजना काढली, आत्ताच्या अटी बघून घ्या. पश्चिमेकडच्या स्टेटमध्ये राहणाऱ्यांसाठी डब्ल्यूयूई (वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज) आहे, लोकल ट्यूशनच्या दीडपटीपर्यंतच फी लागते, कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांनी हे नक्की बघावं. मेरीलँड, व्हर्जिनिया, जॉर्जियावाल्यांसाठी अकॅडेमिक कॉमन मार्केट आहे, आपल्या स्टेटमध्ये नसलेला कोर्स दुसरीकडे लोकल फीमध्ये. आपण जर्सीवाले अशा कुठल्याच गटात नाही, आपल्याला मेरिटवरच भिस्त.

तारखा फार महत्त्वाच्या. बऱ्याच ठिकाणी मेरिट हवं असेल तर १ नोव्हेंबरपर्यंत अर्ली ॲक्शनमध्येच अप्लाय करावं लागतं, मेरीलँडचं तसंच आहे. आपली मुलं नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एकीकडे मिडटर्म, एकीकडे निबंध आणि वर दिवाळीचा प्रोग्रॅम अशी ओढाताण करतात, त्यापेक्षा ऑगस्टमध्येच निबंध लिहून झालेले बरे. जिथे एसएटी ऑप्शनल आहे तिथेही ती सोडून देऊ नका, ॲडमिशनला ऑप्शनल असली तरी मेरिटच्या टेबलात स्कोअरवाल्याला मोठा आकडा मिळतो. पीएसएटी इलेव्हन्थच्या ऑक्टोबरमध्ये असते, नॅशनल मेरिट (देशपातळीवरची स्कॉलरशिप स्पर्धा) तिच्यावर ठरतं आणि फायनलिस्ट झालं की अलाबामा, यूटी डॅलस अशा ठिकाणी मोठी पॅकेजेस असतात. पण न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्सचा कटऑफ देशात सगळ्यात वर असतो, अलाबामातल्या मुलाला त्याच यादीत यायला दहाएक मार्क कमी पुरतात, त्यामुळे आपल्याकडे हुशार मूलही थोडक्यात राहून जातं. राहिलं तर राहिलं, आपोआपवालं मेरिट एसएटीवर मिळतंच.

पत्र आलं की आनंद होतोच, पण ते पत्र चष्मा लावून ओळ न् ओळ वाचा. समजा ट्यूशन ३३ हजार आणि स्कॉलरशिप २४ हजार, तर पहिल्या वर्षी तुम्ही ९ हजार भरता. ट्यूशन दरवर्षी ३ टक्के वाढली आणि स्कॉलरशिप तेवढीच राहिली तर चौथ्या वर्षी ट्यूशन ३६ हजार, म्हणजे तुमचे १२ हजार. राहणं-जेवण वेगळं, त्याचीही वाढ होतेच. दुसरं म्हणजे स्कॉलरशिप टिकवायला जीपीए किती लागतो. ३.० असेल तर बरं, ३.५ असेल आणि मूल इंजिनिअरिंगला असेल तर दहा वेळा विचार करा, पहिल्या वर्षीचं कॅल्क्युलस आणि फिजिक्स भल्याभल्यांना खाली आणतं. सेमिस्टर किती, आठच की जास्त, को-ऑपचं (कंपनीत काम करायचं) सेमिस्टर त्यात मोजतात का, मेजर बदलला तर पैसे राहतात का, बाहेरून एखादी स्कॉलरशिप आणली तर ह्यांचे पैसे कापतात का, हे सगळं ईमेलवर विचारा. आणि काही पत्रांत लोनची रक्कमही "अवॉर्ड" खाली लिहिलेली असते, ती वजा करूनच खरा आकडा काढा.

अलाबामाचं नाव काढल्यावर घरात काय झालं तेही सांगते, कारण ते प्रत्येकाच्या घरात होणार आहे. पुण्याहून मावशी म्हणाली, हे नाव कधी ऐकलं नाही गं. इथलेही काही म्हणाले, साउथमध्ये मुलीला एकटी पाठवणार? आम्ही ठरवलं की जाऊन बघायचं, आणि ते केलंच पाहिजे असं मी सगळ्यांना सांगते, ऐकीव गोष्टींवर चार वर्षं ठरवू नका. बर्मिंगहॅमला उतरून तासाभराची ड्राइव्ह, वाटेत व्हॅन्सला मर्सिडीजचा मोठा कारखाना लागतो. कॅम्पसवर लेकीने टूर देणाऱ्या मुलीला सरळ विचारलं की तुला इथे एकटं वाटतं का, ती हसून म्हणाली, माझ्या मजल्यावर इलिनॉय, टेक्सस, जर्सी सगळीकडच्या मुली आहेत, पहिल्या महिन्यात सगळ्याच नवीन होत्या. ऑनर्स कॉलेज आहे, छोटे वर्ग मिळतात, अंडरग्रॅडला रिसर्च करायला मिळतो. ऑगस्टमध्ये उकाडा आपल्या एप्रिलच्या नागपूरची आठवण करून देतो आणि फुटबॉलच्या शनिवारी गावात गाडी हलत नाही. बर्मिंगहॅमजवळ पेल्हमला देऊळ आहे, तेवढ्याने माझ्या सासूबाईंचं समाधान झालं. येण्याजाण्याचं विमानभाडं, सुट्टीत सामान कुठे ठेवायचं, हा खर्चही शीटमध्ये धरा.

एक गैरसमज सारखा ऐकते, की पहिलं वर्ष काढायचं, तिथे अपार्टमेंट भाड्याने घ्यायचं, लायसन्स बदलायचं की मूल लोकल होतं. नाही होत. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाची रेसिडेन्सी आईवडिलांबरोबर जाते, आणि शिकायला आलेला मुलगा शिकायलाच आलाय असं धरतात. मिझुरी आणि युटासारखी ठिकाणं ह्यात सैल आहेत, पण तिथलेही नियम नीट वाचूनच.

आणि एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) मुलं असलेल्यांसाठी, कारण आपल्यात अशी घरं खूप आहेत आणि त्यांच्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. फेडरल मदत आणि फेडरल लोन एच-४ ला मिळत नाही, पण युनिव्हर्सिटीचं स्वतःचं मेरिट अनेक ठिकाणी व्हिसा न बघता देतात. मात्र मूल २१ चं झालं आणि ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-१ वर (स्टुडंट व्हिसावर) जावं लागतं, आणि हे नेमकं थर्ड किंवा फोर्थ इयरला येतं. तेव्हा काही ठिकाणी त्याला इंटरनॅशनल धरून फी बदलते. म्हणून ॲक्सेप्ट करायच्या आधी, १ मेच्या डेडलाइनच्या बऱ्याच आधी, ॲडमिशन ऑफिसला, फायनान्शियल एडला आणि इंटरनॅशनल ऑफिसला तिघांनाही एकाच ईमेलमध्ये दोन प्रश्न विचारा: स्टेटस बदललं तर ही स्कॉलरशिप चालू राहील का, आणि फी कुठल्या दराने लागेल. फोनवर मिळालेल्या उत्तरावर थांबू नका, लेखीच मागा, आणि तो ईमेल चार वर्षं डिलीट करू नका.